पहिलं निम्मं

दानीएलने परातीतली भाकरी उचलली आणि तव्यापर्यंत नेता नेता तिचा एक तुकडा परातीतच राहिला. उरलेली भाकरी त्याने तशीच तव्यावर टाकली, तुकडा तिच्या कडेला लावला आणि वरून पाण्याचा हात फिरवला.

"दाजी, ठिगळ लावताय का भाकरीला?"

बनुबाई परसातल्या कमरेएवढ्या भिंतीवरून बघत होती. दोन घरांच्या मागे ही बुटकी भिंत होती. पुढे घरं सुरू झाली की दोघांची भिंत एकच, छपरापर्यंत गेलेली. बनुबाई सत्तरीची. हेलनला ती धाकटी बहीण म्हणायची, म्हणून दानीएल तिचा दाजी.

"भाजल्यावर कळत नाही," दानीएल म्हणाला.

"खानाऱ्याला कळत नसंल. बघनाऱ्याला कळतंय. पीठ शिळं हाय तुमचं. माज्या गोरक्षाला सांगते, नवं दळून आनंल."

"आहे ते संपू दे, आक्का."

"संपतंय कुठं? रोजची एक भाकरी, ती बी निम्मी कुत्र्याला."

तेवढ्यात पुढच्या दारातून जेम्स मास्तरांची हाक आली. मास्तर प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले होते आणि आता चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायचे. ते घरातून सरळ परसात आले. त्यांच्या हातात वही होती. दानीएलने ती वही बघितली आणि ते कशासाठी आलेत हे त्याला कळलं.

"जय ख्रिस्त, दानीएल. उद्या पाचवा दिवस."

"जय ख्रिस्त. बसा."

"बसत नाही. आज पेटी दयाकडे आहे. ती आणि मंडळी उद्या सातच्या सुमाराला घेऊन येतील. तेवढंच सांगायला आलो."

पेटी म्हणजे काचेची पेटी. तिच्यात संत तेरेसाचा, फ्रान्समधल्या मठात तरुणपणीच वारलेल्या सिस्टरचा, हातभर उंचीचा पुतळा. एक ऑक्टोबरला तिचा सण. त्याच्या आधीचे नऊ दिवस पेटी रोज एका घरी मुक्कामाला जायची. संध्याकाळी आधीच्या घरची माणसं ती घेऊन यायची, सगळे मिळून जपमाळ म्हणायचे आणि पेटी रात्रभर त्या घरात राहायची. हे हेलनने सुरू केलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी, तेव्हाच्या फादरांच्या मागे लागून. पाचवं घर तिचं.

"मास्तर," दानीएल भाकरी उलटत म्हणाला, "या वेळी माझं घर सोडा. पेटी उद्याचा दिवस दयाकडेच राहू दे."

"या वर्षापुरतं?"

"कायमचंच."

मास्तरांनी वही उघडली आणि परत मिटली. "तीन घरं वाट बघतायत नावासाठी. एकदा तुमचं नाव काढलं की मला परत घालता यायचं नाही. नंतर माझ्यावर रागावाल."

"नाही रागावणार."

"कारण तरी सांगा. फादर विचारतील. हेलनबाईचंच घर कसं गळलं म्हणून."

"मला निम्मंच येतं."

मास्तर हसले. दानीएल हसला नाही, तेव्हा त्यांनीही हसणं थांबवलं.

जपमाळ दोन तोंडांची असते. एकाने "नमो मरिये" म्हणून पहिलं निम्मं म्हणायचं, बाकीच्यांनी "पवित्र मरिये" म्हणून दुसरं. पन्नास मणी, पन्नास वेळा. एकेचाळीस वर्षं रोज संध्याकाळी या घरात हेलनने पहिलं निम्मं म्हटलं आणि दानीएलने दुसरं. पेटी यायची तेव्हा पुढे म्हणायला घरचंच माणूस लागायचं, हा नियमही हेलनचाच. पाहुणी आपल्या घरी आली तर तिच्याशी आपणच बोलायला हवं, असं ती म्हणायची.

"एवढंच ना?" मास्तर म्हणाले. "पुढचं मी म्हणतो. नियम काय दगडावर कोरलाय?"

"तुम्ही म्हणाल, मास्तर. पण उत्तर मला द्यायला पाहिजे की नको?"

तव्यातून धूर निघाला तेव्हा दानीएलने भाकरी बोटांनी ओढून काढली. तिची एक बाजू काळी झाली होती.

"उद्या दुपारपर्यंत विचार करा," मास्तर म्हणाले. "मग मी दयाला निरोप देतो."

भिंतीपलीकडे बनुबाई खाली बसून शेळीसाठी घास कापत होती. विळ्याचा आवाज मघापासून बंद होता. मास्तर गेल्यावर तो परत सुरू झाला.

दानीएल कारखान्यात होता, साखर भरायच्या खात्यात. तेहतीस वर्षं. संध्याकाळी पाळी संपवून आला की अंग धुवायचं, चहा घ्यायचा आणि हेलनच्या शेजारी चटईवर बसायचं. दिवसभर पोती उचललेली असायची. पहिल्या दहा मण्यांतच त्याची मान खाली जायची. तोंड मात्र चालू राहायचं. हेलन थांबली की त्याचं निम्मं आपोआप बाहेर यायचं, झोपेतून. दहावा मणी झाला की तो अगदीच गप्प व्हायचा आणि पुढच्या "नमो मरिये"ला दचकून जागा व्हायचा.

नोकरी संपल्यावरही ही सवय गेली नाही. त्याला याची लाज वाटायची. एकदा त्याने हेलनला म्हटलंही, की तू एकटीच म्हणत जा, माझा काय उपयोग. हेलनला त्याच आठवड्यातलं फादरांचं प्रवचन आठवत होतं. ती म्हणाली, छोटीला, आपल्या संत तेरेसाला, पण प्रार्थनेत झोप लागायची, माहीत आहे का? मठात, सगळ्या सिस्टरांच्या समोर. आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. ती म्हणायची, लेकरू जागं असलं काय नि झोपलेलं असलं काय, आईबापाला ते सारखंच आवडतं.

सगळे संत तेरेसा म्हणत. हेलन छोटी म्हणायची. तिच्याशी बोलायचीही तशीच, गल्लीतल्या पोरीशी बोलावं तशी. छोटे, सिलेंडर आज यायला पाहिजे. छोटे, आपल्या आराधनाच्या पेपराला बस वेळेवर मिळू दे. लोक छोटीकडे खूण म्हणून गुलाबाचं फूल मागतात. हेलनने कधी मागितलं नाही. लेकरू आईकडं भाकरी मागतं, पावती मागत नाही, असं तिचं म्हणणं. दानीएल त्यावर हसायचा. पण सिलेंडर यायचा.

जानेवारीत ती गेली. शेवटच्या दिवशी दवाखान्यात तिने डोळे मिटूनच "नमो मरिये" म्हटलं आणि थांबली. दानीएल ती पुढचं म्हणेल म्हणून थांबला. तिचं निम्मं पुरं झाल्याशिवाय आपलं कसं सुरू करायचं? तो वाट बघत राहिला. नर्स आली, तिने त्याला बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हाही तो वाटच बघत होता.

त्यानंतर चर्चमध्ये जपमाळ सुरू झाली की त्याचे ओठ मिटलेले असायचे. मुलीने, आराधनाने, पुण्याहून फोनवर सांगितलं, की पप्पा, मोबाईलवर जपमाळ मिळते, ती लावून बसत जा. त्याने लावून बघितली. मोबाईल दोन्ही निम्मी स्वतःच म्हणायचा, मध्ये जागाच ठेवायचा नाही. दानीएलने तो बंद केला. एकदा त्याने स्वतःच "नमो मरिये" म्हणून सुरुवात केली. शब्द ऐकून ऐकून सगळे माहीत होते. पण तेवढंच म्हणून त्याचं तोंड थांबलं, आणि तो परत वाट बघू लागला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला त्याने स्वच्छ शर्ट घातला आणि दाराला कुलूप लावलं. बनुबाई तिच्या ओट्यावर सुपात मटकी निवडत बसली होती.

"कुठं निघाला?"

"मास्तरांकडे. पेटी नको म्हणून सांगतो."

"व्हय, काल ऐकलं म्या."

"सगळंच ऐकता तुम्ही."

"मग काय करू, कानात बोळं घालू?" तिने सुपातला एक खडा उचलून रस्त्यावर टाकला. "येऊ द्या की तिला. एकोनीस वर्सं येतीया, च्या पिऊन जातीया."

"ती चहा पीत नाही, आक्का."

"मी पिते की. माजा च्या का बुडवता?"

दानीएलला हसू आलं, पण तो पायरी उतरला. बनुबाईने सूप बाजूला ठेवलं.

"दाजी, ऐका. हेलननं त्या पोरीला बोलवलं हुतं या घरात. आता बोलवनारी न्हाई म्हनून पोरीला दारातनं माघारी लावायची? ती काय म्हनंल?"

"ती काही म्हणणार नाही."

"तेच तर. म्हननारी आसती तर भांडली आसती." तिने सूप परत मांडीवर घेतलं. "एक दिस येऊ द्या. तुमी नुसतं दार उघडा. मग नका बोलू तोंडातनं, कुनी मारनार न्हाई तुमाला."

दानीएल किल्ली हातात धरून उभा राहिला. रस्त्यावरून पेरूच्या क्रेट भरलेला टेम्पो राहात्याच्या दिशेने गेला. धूळ खाली बसल्यावर तो मागे वळला आणि त्याने कुलूप काढलं.

सातला माणसं आली. पंधरा-सोळा जण होते. दयाच्या हातात पेटी होती. पुढे एका पोरीच्या हातात मेणबत्ती होती आणि ती वाऱ्याने विझू नये म्हणून पोरगी उलटी चालत होती. दानीएलने दोन्ही हातांनी पेटी घेतली. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा हलकी होती. दर वर्षी हेलनच ती घ्यायची. त्याने पेटी टेबलावर ठेवली. टेबलावरचं कापड चुरगळलेलं होतं. दयाने ते एका हाताने सारखं केलं.

सगळे खाली बसले. बनुबाई दर वर्षीसारखी आली आणि दाराशी, चपलांच्या जवळ बसली. मास्तरांनी क्रुसाची खूण केली, सुरुवातीच्या प्रार्थना केल्या, पहिल्या दहा मण्यांआधीचं पहिलं रहस्य, म्हणजे येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग, सांगितलं. मग त्यांनी दानीएलकडे बघितलं.

दानीएल पेटीकडे बघत होता. त्याच्या हातात जपमाळ होती आणि अंगठा पहिल्या मण्यावर होता. बाहेर कुणीतरी मोटारसायकल बंद केली. मास्तरांनी घसा साफ केला आणि ते तोंड उघडणार तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"नमो मरिये..."

बनुबाईचे डोळे घट्ट मिटलेले होते. दोन्ही हात गुडघ्यावर. शाळेत पाढे म्हणावेत तशी ती एका सुरात म्हणत होती, मध्ये श्वास न घेता. पहिलं निम्मं संपलं आणि ती थांबली.

कुणीच उत्तर दिलं नाही. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या होत्या.

"म्हना की," बनुबाई डोळे न उघडता म्हणाली. "माजं झालं. तुमचं निम्मं मला येत न्हाई."

दया मास्तरांच्या कानाशी झुकली. "मास्तर, बनुआक्का कशा म्हणणार? त्या आपल्यातल्या..."

"खंडोबाला सांगून आलेय मी," बनुबाई म्हणाली, "शेजारी चाललेय आर्धा तास म्हनून. त्याची काय हरकत न्हाई. तुमची हाय का?"

मास्तरांनी पेटीकडे बघितलं, मग दानीएलकडे. मग त्यांनी स्वतःच "पवित्र मरिये" म्हणून सुरुवात केली आणि सगळ्यांनी त्यांच्या मागे ते पुरं केलं. बनुबाईने लगेच दुसरं सुरू केलं.

दानीएल गप्प होता. पण त्याचा अंगठा मण्यावरून मण्यावर जात होता. बनुबाई "कृपापूर्णे" वर जरा जोर देत होती. हेलन तसाच द्यायची. शेवटचा शब्द थोडा ओढायची, तोही तसाच ओढलेला होता. आवाज बनुबाईचा होता, जाडा, तंबाखूचा. वळणं तिची नव्हती.

दहावा मणी झाला. मास्तर पुढची प्रार्थना म्हणणार होते. बनुबाई थांबली नाही. त्याच सुरात, त्याच दमात ती पुढे म्हणाली,

"छोटे, दानीएल झोपला आसंल तर रागवू नको. त्याचं पन माझ्याच तोंडातलं धर. त्याच्या गुडघ्याला आराम पडू दे. आमेन."

"आमेन," सगळे सवयीने म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना कळलं.

मागे कुणीतरी हसू दाबलं. दयाने ओढणी तोंडाला लावली. ती हसतेय की काय करतेय हे दिसेना. मेणबत्तीवाली पोरगी मास्तरांकडे बघत होती, हे पुस्तकात आहे का म्हणून. मास्तर खाली मान घालून बसले होते.

दानीएलने हे कधी ऐकलं नव्हतं. एकेचाळीस वर्षांत एकदाही नाही. दहाव्या मण्याला तो नेहमीच झोपलेला असायचा.

मास्तरांनी हळू आवाजात दुसरं रहस्य सांगितलं. बनुबाईने सुरू केलं, तिचं निम्मं संपवलं आणि थांबली. सगळे म्हणू लागले. त्यांच्या मागे, अर्धा शब्द उशिराने, एक घोगरा आवाज आला. दयाने वळून बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. तिसऱ्या मण्याला तो आवाज सगळ्यांच्या बरोबरीने होता. दहाव्या मण्यानंतर बनुबाईने परत गुडघ्याचं सांगितलं, आणि या वेळी आमेन नुसतं सवयीचं नव्हतं. पाचव्या रहस्यापर्यंत ती मेणबत्तीवाली पोरगीसुद्धा गुडघ्याचं पाठ म्हणू लागली होती.

चहा झाला. माणसं गेली. जाताना मास्तरांनी दारात वही उघडली, पाचव्या नावावर बोट ठेवलं आणि ती मिटून पिशवीत टाकली.

बनुबाई दुसरा कप घेऊन दाराशीच बसली होती. दानीएल तिच्यासमोर चटईवर बसला.

"आक्का, ते मधलं कुठलं म्हणालात?"

"मधलं कंचं?"

"गुडघ्याचं."

"त्यातलंच हाय की ते. धा मनी झाले की म्हनायचं." ती कप खाली ठेवून बघू लागली. "म्हनत न्हाईत व्हय बाकीचे?"

"म्हणतात," दानीएल म्हणाला. "आज सगळ्यांनीच म्हटलं."

"मग? मला वाटलं चुकले की काय. लई मार खाल्लाय मी त्या पाठासाठी. मागल्या दिवाळीच्या आधीपासनं शिकवत हुती. तुमी औषधं आनायला गेला की मला हाक मारायची. खाटंवर पडल्या पडल्या. एक शब्द चुकला की परत पहिल्यापासनं. म्या म्हनलं, अगं बया, सत्तरीत मला कशाला शाळंत घालते? तुज्या दाल्ल्याला शिकव की. घर त्याचं, देव त्याचा."

"मग?"

"हासली. म्हनली, त्याला शिकवलं तर तो सगळं एकटाच म्हनत बसंल."

दानीएलने चटईची निघालेली काडी ओढून काढली. ती बोटाभोवती गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"आणि तुम्ही आठ महिने बोलला नाहीत."

"तिनं ताकीद दिल्ती. म्हनली, आधी जाऊ नको, त्याला म्हनायचं आसंल तवा जा. मग काय, रोज दिवेलागनीला भिंतीला कान लावून बसायची मी. सून हसती मला. तुमी आपलं तोंडच उघडना. एक दिस नुसतं 'नमो मरिये' आलं, मी उठले, चप्पल घातली, तर परत सगळं गप्प. मला वाटलं, मी मरते आता हे पाठ घेऊन, कुनाच्या उपेगाचं न्हाई."

ती कप घेऊन उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, दोन टप्प्यांत. टेबलावरच्या पेटीकडे तिने एकदा बघितलं, हात जोडले आणि चपला पायात सरकवल्या. उंबऱ्यात ती थांबली.

"उद्या किती वाजता?"

"पेटी उद्या सहालाच जाणार, आक्का. पुढच्या घरी."

"पेटीचं कुठं इचारलं म्या?"

दानीएलने तिच्याकडे बघितलं. मग तो उठला आणि खालची पायरी तिला दिसावी म्हणून त्याने बाहेरचा दिवा लावला.

"सातला," तो म्हणाला. "सातला या."